अण्णांच्या शेजारचं भोक

माझे दोन्ही मुलगे एकाच दिवशी, एकाच गाडीतून, सोबत एक रंगारी घेऊन दारात उतरले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. थोरला हेमंत पुण्याला, धाकटा शिरीष नाशिकला. गणपती सोडले तर या दोघांना एका छपराखाली आणणं त्यांच्या बापालाही जमलं नव्हतं. आणि आज दोघं हसतमुखानं एकमेकांच्या बॅगा उचलत होते.

हेमंत म्हणाला, दिवाळीच्या आत हॉल रंगवून टाकू. दिवाळी अजून लांब होती. गणपती नुकतेच गेले होते आणि पितृपंधरवडा चालू होता. या दिवसांत आमच्या कऱ्हाडात कोणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही, मग भिंतीला रंग कोण लावतो? पण हेमंतचं म्हणणं, याच दिवसांत रंगारी रिकामे असतात आणि सांगू ते ऐकतात. तो इंजिनियर आहे. कुठल्याही गोष्टीला त्याच्याकडं कारण तयार असतं.

त्याच्यामागून त्याची बायको वृंदा उतरली. तिनं चपला काढल्या, मला वाकून नमस्कार केला आणि सरळ होता होता तिची नजर भिंतीवर गेली. अण्णांच्या फोटोवर नाही, फोटोच्या उजव्या अंगाला असलेल्या भोकावर.

"आधी ते बुजवून घ्या," ती रंगाऱ्याला म्हणाली.

ते भोक माझं होतं. अण्णा म्हणजे माझे यजमान. मुलं अण्णा म्हणायची, म्हणून त्यांच्यामागून मीही अण्णाच म्हणायला लागले. ते गेल्यावर फोटो लावायला सुतार आला. त्यानं मशिननं भोक पाडलं, स्क्रू बसवला आणि अण्णांना टांगलं. मी म्हटलं, मशिन काढलंच आहेस तर शेजारी त्याच पातळीत आणखी एक पाडून ठेव. कुणासाठी, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी, नंतर माझी मुलं वाकडं पाडतील. सुतारानं दोनदा माप घेतलं आणि भोक सरळ पाडलं. माझ्या नणंदेनं तोंडाला पदर लावला. जित्या माणसानं असलं बोलू नये, करू तर मुळीच नये, असं तिनं मला सांगितलं आणि मग गावात ज्याला त्याला सांगितलं.

लोकांना वाटलं, मला अण्णांचा वियोग सोसवेना. लोकांचं बरं असतं, त्यांना फार खोलात जावं लागत नाही. मला ते भोक का हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

अण्णा सरकारी कचेरीत होते आणि जन्मभर त्यांनी एकच शब्द वापरला. बघू. हेमंतला कुठल्या शाळेत घालायचं? बघू. गच्ची गळतेय. बघू. मृत्युपत्र करून ठेवा म्हटलं, तर त्यालाही बघू, आणि बघता बघता गेले. मी टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर होते. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐकायचीही. घरी आलं की मुलांची शाळा मी ठरवायची, गच्चीला गवंडी मी आणायचा. दारावरच्या पाटीवर मात्र नाव अण्णांचं.

मग अण्णा फोटोत गेले आणि त्यांना मतं फुटली. टीव्ही कुठं ठेवावा, खिडकीला जाळी लावावी की नाही, दिवाळीला कोणी कुणाकडं जावं, सगळ्याला अण्णांचं काही ना काही म्हणणं निघायला लागलं. 'अण्णांना हे आवडलं नसतं' म्हटलं की हेमंतसारखा हेमंतही गप्प व्हायचा. मी तिथंच खुर्चीत बसून, मला तरी हे आवडत नाही, असं सांगत असायचे. ते कोणाच्या कानात शिरत नव्हतं.

याची सुरुवात झाली होती दहाव्याच्या दिवशी, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. कावळा पिंडाला शिवेना. माझ्या मते तोसुद्धा 'बघू' म्हणत फांदीवर बसला होता. पण आपल्याकडं कावळा शिवला नाही की गेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात, आणि मग एकेकजण हात जोडून वचनं देत सुटतो. शिरीषनं दिलं, नणंदेनं दिलं. शेवटी हेमंत पुढं झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अण्णा, आईला मी एकटं पडू देणार नाही." तरी कावळा ढिम्म. उन्हानं हैराण होऊन सगळे सावलीला गेले, भटजींनी पिंडावर शेवेची चिमूट टाकली, आणि कावळा उतरला. शेवेला कोणी विचारलं नाही. मान मिळाला तो हेमंतच्या वचनाला.

तेच वचन आता रंगाऱ्याला घेऊन माझ्या दारात आलं होतं. दुपारच्या चहाला हेमंतनं पोटातलं ओठावर आणलं. घर भाड्यानं द्यायचं. एक प्राध्यापक जोडपं घटस्थापनेच्या दिवशी बघायला येणार होतं. मी पाळीपाळीनं राहायचं, चार महिने पुण्याला आणि चार महिने नाशिकला. उरलेले चार महिने कुठं, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं. शिरीष बिस्किटाकडं बघत बसला होता.

"मी इथंच राहणार आहे," मी म्हटलं.

"आई, प्रश्न तुझा नाहीच," हेमंत मला समजावत म्हणाला. "मी अण्णांना शब्द दिलाय."

माणूस जिवंत असता तर भांडता आलं असतं.

आता भोकाचं. मागच्या महिन्यात हेमंतनं मला न सांगता एका बँकवाल्याला आणि त्याच्या बायकोला 'सहज' घर बघायला पाठवलं होतं. मी चहा केला. त्या बाईनं फोटोकडं पाहून हात जोडले आणि शेजारचं भोक दिसल्यावर विचारलं, इथलं काय काढलंत? मी सरळ सांगितलं, काढलं काही नाही, तिथं मी येणार आहे. बाईंनी कप बशीत ठेवला तो पुन्हा उचलला नाही. त्यांचा फोन काही आला नाही. ते भोक उघडं असेपर्यंत या घरात भाडेकरू पाय ठेवणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हेमंतला पुण्यात बसून, त्या बँकवाल्याला फोन केल्यावर कळलं. म्हणून तर आधी भोक आणि मग रंग.

रंगाऱ्याचं नाव महिपत. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे अर्धे बंगले आपल्या हाताखालून गेलेत, असं त्यानं ब्रश पाण्यात भिजवायच्या आधी सांगून टाकलं. एका आमदाराच्या जिन्याचं वर्णन त्यानं इतक्या वेळा केलं की तो जिना मी अजूनही डोळे मिटून चढू शकेन. हॉलमधलं सामान मधोमध ओढून त्यावर प्लास्टिक टाकलं. अण्णांचा फोटो उतरवून त्यांच्याच आरामखुर्चीत बसवला. त्यांनाही प्लास्टिक पांघरलं, पण वृंदानं मुद्दाम पारदर्शक शोधून आणलं, म्हणजे त्यांना दिसत राहील.

महिपतनं भोकातली प्लास्टिकची नळी चिमट्यानं ओढून काढली, फुंकर मारली, पाण्याचा हात फिरवला आणि पत्र्यानं लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा तो पांढरा लगदा, दाबून भरली. वर बोट फिरवून गुळगुळीत केली.

"वाळली की घासू, मंग प्रायमर, मंग रंग," तो म्हणाला. "भोक कुठं हुतं त्ये ब्रह्मदेवालाबी गावायचं न्हाई, काकू."

जेवणं झाली. सगळे आडवे झाले. चहाच्या वेळी वृंदा हॉलमध्ये गेली आणि तिथनंच तिनं हाका मारल्या. लांबी नव्हती. भोक जसंच्या तसं उघडं होतं. त्या वेळी मी मागच्या खोलीत क्रोशाचं विणकाम करत होते, असं सगळ्यांचं मत पडलं. मी ते खोडून काढलं नाही.

मग काय, विद्वान कामाला लागले. महिपत म्हणाला, भिंत ओली आहे. हेमंतनं बोटाच्या सांध्यानं भिंत वाजवली, कान लावला, पाणी खालून वर कसं चढतं ते वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढून शिरीषला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सिमेंटचं मिश्रण माझ्या स्वयंपाकातल्या मापानं स्वतः मोजून केलं. ते दुपारी निघालं. शिरीष म्हणाला, उंदीर असेल. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, गुळगुळीत भिंतीवर, लांबी खायला! हेमंतनं त्याला वेड्यात काढलं आणि बाजारातनं एक महागडी ट्यूब आणली. एकदा बसलं की भिंत पडेल पण हे सुटणार नाही, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. सुटलं. प्रत्येक वेळी महिपत कडा खरवडून मोठ्या करायचा, त्यामुळं मुगाएवढं भोक वाढत वाढत लिंबाएवढं झालं.

आता सांगायला हरकत नाही. क्रोशाच्या सुईला टोकाशी आकडी असते. लांबी भरून दोनचार तासच झाले असले तर ती खरवसासारखी निघते. ट्यूबवाल्या औषधाला जरा जाड सुई लागली आणि माझं मनगट दुखलं, पण निघालं तेही. पडलेला चुरा पदरात घ्यायचा आणि मागच्या दारी तुळशीत टाकायचा. त्या वर्षी तुळशीच्या बुडाशी पांढरा थर बसला. वृंदाला तो दिसला, आणि तिनं त्याचाही अर्थ लावला.

गंमत अशी की भिंतीची नाडी सगळ्यांनी पाहिली, पण आई, तुला काही माहीत आहे का, असं एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला खोटं बोलायला आवडत नाही.

इकडं महिपतची झोप उडाली होती. एवढंसं भोक बुजवता येत नाही ही बातमी बाजारात गेली तर आमदाराचा जिनाही त्याला वाचवू शकला नसता. म्हणून एका सकाळी त्यानं पत्रा खाली ठेवला आणि आवाज बारीक करून हेमंतला बाजूला घेतलं. मी भाजी निवडत होते. दोन खोल्यांपलीकडचं कुजबुजणं ऐकू येणं ही माझी नोकरीतली कमाई आहे.

"सायेब, माझ्या लांबीत खोट न्हाई," महिपत म्हणाला. "खुर्चीत बसल्यात त्यास्नी इचारा. पितरांच्या दिसांत भितीला हात लावलाय आपण. कायतरी मागणं राहिलं असंल त्यांचं."

वृंदा याचीच वाट बघत होती. संगमावर कावळा शिवत नव्हता तेव्हाही अगदी असंच झालं होतं, असं ती म्हणाली. हेमंत म्हणाला, आपला असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही. मग जरा थांबून म्हणाला, पण करून बघायला काय जातं?

झालं. अण्णांवरचं प्लास्टिक काढलं, उदबत्ती लावली आणि तिघं आरामखुर्चीपुढं ओळीनं उभे राहिले. मी दाराआड होते. हेमंतनं ऑफिसच्या मीटिंगमध्ये करतात तसा घसा साफ केला आणि अण्णांना सांगितलं, तुमचं श्राद्ध नरसोबाच्या वाडीला करू. महिपतनं लगेच लांबी भरली. दुपारी मी ती काढली. वाडीला अण्णा जाणार, मला त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदानं चातुर्मासात कांदा-लसूण सोडायचं वचन दिलं. पुण्याला माझ्या पानात कांदा पडणार नाही एवढाच त्याचा अर्थ होता, म्हणून त्या दिवशीही भोक उघडलं. मग हेमंत म्हणाला, आईला पुण्याला वेगळी खोली देऊ. वृंदानं त्याच्याकडं अशी मान वळवली की ते वचन अण्णांपर्यंत पोचायच्या आधीच मागं फिरलं असावं. मी आपली सुई घेऊन गेले आणि माझं काम केलं.

मग हेमंतनं सगळ्यात मोठं वचन काढलं. "अण्णा, तुमची ही आरामखुर्ची मी कुणा भाडेकरूला देणार नाही. ती पुण्याला माझ्या हॉलमध्ये कायमची राहील."

दाराआड उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मायेचं नव्हतं. खुर्चीला कायमची जागा आणि मला चार महिने! त्या दुपारी मी लांबी काढली ती इतक्या रागानं की भोवतीचं प्लास्टरही निघालं.

असं करत सर्वपित्री अमावास्या उजाडली. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, दुसऱ्या दिवशी प्राध्यापक. बाकीचा हॉल फिक्कट पिवळा होऊन चमकत होता आणि मधोमध ते लिंबाएवढं भगदाड. महिपत म्हणाला, आज नाही राहिलं तर मी माझे ब्रश घेऊन चाललो. हेमंतची वचनं संपली होती. उरला होता शिरीष. तो सगळ्यात शेवटी, लहानपणी टोचून घ्यायच्या रांगेत उभा राहायचा तसा. त्यानं हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, आईला इथनं हलवायचं नसेल तर नाही हलवत. घर कुणाला देत नाही. तिला हवं तोवर ती इथंच राहील."

"शिऱ्या, काय बोलतोयस तू?" हेमंत म्हणाला.

"दादा, सगळं देऊन झालं. एवढंच राहिलं होतं."

मायेनं म्हणाला, की शिल्लक राहिलेलं म्हणून देऊन टाकलं, ते तेव्हा मला कळलं नाही. हेमंतचं तोंड लाल झालं होतं, पण पुढ्यात अण्णा बसले होते. दिलेलं वचन त्यांच्यासमोर मागं घ्यायची त्याची छाती झाली नाही. तो एवढंच म्हणाला, बघू राहतंय का. महिपतनं हातातली सगळी लांबी त्या भोकात कोंबली.

त्या दिवशी हेमंत पहाऱ्याला बसला. भिंतीसमोर खुर्ची टाकून, अण्णांच्या शेजारी. पण सर्वपित्रीचं जेवण होतं. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, सगळं मी केलेलं आणि आग्रह करून वाढलेलं. इंजिनियर झाला तरी माणूसच. थोड्याच वेळात दोन खुर्च्यांत एक फोटो आणि एक मुलगा, दोघंही मान तिरकी करून होते, आणि घोरत त्यातला एकच होता.

मी सुई घेऊन भिंतीपुढं उभी राहिले. लांबी अजून ओली होती. एक आकडी घातली असती तर सगळा गोळा हातात आला असता.

आता खरं कारण सांगते. या घरात माणसाचं ऐकतात ते त्याला भिंतीवर टांगल्यावर. अण्णांना हयातीत एक निर्णय घेता आला नाही, आणि काच लावल्यावर त्यांच्यावाचून पान हलेना. मी सुताराला भोक पाडायला सांगितलं ते एवढ्यासाठी. म्हटलं, आपलीही पाळी येईल. आपणही एकदा अण्णांच्या शेजारी, त्याच उंचीवर जाऊन बसू आणि मग बघू, आईला हे आवडलं नसतं म्हटल्यावर कोण कसं चुळबुळतं ते. माझ्या मुलांनी कधीतरी माझं ऐकावं एवढीच माझी इच्छा होती, आणि त्यासाठी मरायचीही तयारी ठेवली होती.

पण आता भिंतीवरची जागा धरून ठेवली तर ही चूल, ही तुळस, हे मागचं दार जाणार होतं. आणि जिवंतपणी इथं राहायचं तर भिंतीवरची जागा सोडायची. मला वाईट वाटलं. हसू नका, खरंच वाटलं. या घरात माझी म्हणून दाखवता येईल अशी ती एवढीच जागा होती. मी सुई अंबाड्यात खोचली आणि जाता जाता त्या लांबीवर अंगठा ठेवून जरा दाबला. निरोपच म्हणायचा. अंगठा काढला तर तिथं खळगा पडला होता, रेघा न् रेघा उठून दिसत होत्या. बोट फिरवून तो पुसावा असं मनात आलं, तेवढ्यात हेमंतनं कूस बदलली आणि मी तिथनं निघाले.

चहाच्या वेळी हॉलमधून वृंदाचा हुंदका ऐकू आला. मी आत गेले. तिघं आणि महिपत भिंतीशी गोळा झाले होते. लांबी जागच्या जागी होती आणि तिच्यावर अंगठा उमटला होता.

"अण्णांचा अंगठा," वृंदा म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. "वचन मंजूर केलं त्यांनी."

जन्मभर एका कागदावर ज्यांनी वेळेत सही केली नाही, त्यांनी मेल्यावर भिंतीवर अंगठा उठवला! हेमंतनं आपला अंगठा त्या खळग्यात बसवून पाहिला. बसेना. शिरीषचा पाहिला, तोही बसेना. महिपतनं तर हात मागं बांधून घेतले. माझा अंगठा चहाच्या कपाच्या कानात होता. तो मात्र कोणी मागितला नाही.

हेमंत बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. आपला यावर विश्वास नाही, हे त्यानं सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितलं. मग गच्चीवर जाऊन प्राध्यापकांना फोन लावला आणि भिंतीत काही तांत्रिक अडचण निघाल्यामुळं घर देता येत नाही, असं कळवलं. मी जिन्याखाली कपडे घड्या करत होते. बोलणं छान स्पष्ट ऐकू आलं.

महिपतला तो खळगा घासून सपाट करायचा होता, पण वृंदानं पॉलिश पेपर त्याच्या हातातून काढून घेतला. मग खळग्यावरूनच प्रायमर गेला आणि रंगाचे दोन हात गेले. त्यानंतर महिपत गावात आमदाराच्या जिन्याऐवजी आमच्या भिंतीचं सांगायला लागला. त्याच्या गोष्टीत आधी नुसता अंगठा होता, पुढं पुढं पूर्ण पंजा झाला.

याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून इथंच आहे. दर सर्वपित्रीला वृंदा पुण्याहून येते आणि त्या खळग्यात हळदकुंकू वाहते. तिच्यामागं उभी राहून मीही हात जोडते, आपलाच अंगठा आहे, संकोच कसला? हेमंत पाहुण्यांना ती गोष्ट सांगतो आणि शेवटी न चुकता म्हणतो, विज्ञानाला सगळंच कळतं असं नाही. शिरीष यातलं काही बोलत नाही. तो दिवाळीला येताना न विसरता मला क्रोशाची एक नवी सुई आणतो आणि माझ्या हातात देताना माझ्या डोळ्यांकडं बघत नाही. त्यानं त्या दिवशी तुळस पाहिली होती असं मला वाटतं. तसं असेल तर ते वचन अण्णांना नव्हतं, आणि एवढं एक सुख मी कोणाला न सांगता जपून ठेवलं आहे.

मागच्या दिवाळीत मी जरा आजारी पडले, माझी गादी हॉलमध्येच घातली होती, तेव्हा हेमंत माझ्या उशाशी येऊन बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर त्यानं हळूच विचारलं, "आई, पुढंमागं तुझा फोटो… म्हणजे लावायचा झाला तर कुठं? अण्णांच्या उजवीकडं तर ते आहे. डावीकडं चालेल तुला?"

वृंदा दारात येऊन थांबली. शिरीषनं वर्तमानपत्र खाली घेतलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी उशीवरून मान वळवून भिंतीवरच्या अण्णांकडं पाहिलं, चांगलं निवांत पाहिलं.

"बघू," मी म्हटलं.

हेमंतनं लगेच मान डोलावली आणि पुढं कोणी एक शब्द काढला नाही. या घरात माझा शब्द पहिल्या फटक्यात मान्य झाल्याची दुसरी वेळ मला तरी आठवत नाही.